कादंबरीतले युद्ध आणि बंदुकीची चाल

मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकाराचे नाव घेतले की आपल्याला मिसिसिपी नदी, तिच्या पात्रातला तराफा आणि दोन व्रात्य मुले आठवतात. याच लेखकाने १८८९ साली एक युद्ध लिहून ठेवले आहे, आणि ते वाचून मात्र हसू येत नाही. ‘अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ या त्याच्या कादंबरीच्या अखेरीस एका गुहेभोवती विजेच्या तारांची कुंपणे घातलेली आहेत, आत तेरा गॅटलिंग तोफा मांडलेल्या आहेत, आणि चोपन्न जण इंग्लंडमधील सगळ्या चिलखती सरदारांची वाट पाहत बसले आहेत. ते येतात आणि पंचवीस हजारांचा फडशा पडतो. साल आहे इसवी सनाचे सहावे शतक.

कथा थोडक्यात अशी. हँक मॉर्गन हा कनेक्टिकटमधील हार्टफर्ड गावचा माणूस. तेथील शस्त्रांच्या मोठ्या कारखान्यात तो मुकादम आहे. बंदुका, पिस्तुले, तोफा, बाष्पके, इंजिने सारे काही करण्यात तरबेज. मारामारीत डोक्यावर लोखंडी कांब बसते आणि शुद्धीवर येतो तो इ. स. ५२८ मध्ये, आर्थर राजाच्या राज्यात. खग्रास ग्रहणाची आगाऊ माहिती असल्याच्या बळावर तो राजाचा प्रधान बनतो आणि सुमारे दहा वर्षांत त्या देशात तारायंत्र, आगगाडी, वर्तमानपत्र, रिव्हॉल्व्हर आणि शेवटी गॅटलिंग तोफ आणतो. युरोपातील तोफेचे सर्वांत जुने चित्र १३२६ च्या सुमारास एका इंग्रजी हस्तलिखितात सापडते, आणि गॅटलिंगने आपल्या यंत्रतोफेचे पेटंट घेतले ते ४ नोव्हेंबर १८६२ रोजी. म्हणजे पहिल्या ओबडधोबड तोफेपासून गॅटलिंगपर्यंतच साडेपाचशे वर्षे लागली. त्याच्या आधीची आठशे वर्षे तर हिशेबातच धरायला नकोत. ट्वेनने हे सारे अंतर दहा वर्षांत कापले.

कादंबरीकाराला ही मुभा असतेच. रामायण-महाभारतातील अस्त्रे तर मंत्र म्हणताच प्रकट होतात, आणि अग्न्यस्त्राचा कारखाना कोठे होता असे आपण विचारीत नाही. पण ट्वेनचा नायक मंत्रवादी नाही. तो कारखान्याचा मुकादम आहे, आणि मंत्रतंत्राचा उपहास हाच त्याचा धंदा आहे. म्हणून त्याच्यापुरता हा प्रश्न विचारणे न्यायाचे ठरते. बंदूक एवढ्या वेगाने वाढू शकते काय? आणि जी इतिहासात एवढी सावकाश चालली, तिला कोणी अडवून धरले होते?

पहिले उत्तर सहज सुचते ते असे की, कल्पना नव्हती म्हणून. एकदा कल्पना आली की वस्तू झालीच. हे उत्तर बहुतांशी चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे समजण्यासाठी बंदुकीच्या एका लहानशा भागाकडे पाहावे लागेल. नळी, गोळी, दस्ता हे सारे बाजूला ठेवू. दारूला विस्तव कसा लावायचा, एवढेच पाहू.

आरंभी शिपाई जळता तोडा हातात धरून तो बंदुकीच्या कानाशी नेत असे. तोड्याची बंदूक आपल्याकडेही शतकानुशतके चालली. पुढे तोड्याच्या जागी चकमक आली. घोडा पडला की गारगोटी पोलादावर घासे, ठिणगी रंजकावर पडे, आणि रंजकाची आग नळीतील दारूपर्यंत जाई. या चकमकीच्या बंदुकीने युरोपातील फौजा दीडशे वर्षांच्या आसपास लढल्या. तिचा दोष सर्वांना ठाऊक होता. पाऊस आला की रंजक भिजे आणि बंदूक म्हणजे नुसती काठी उरे. संगीन असली तर भाला.

हा दोष दूर केला तो कोणा सेनापतीने नव्हे. स्कॉटलंडमधील एका खेड्याच्या धर्मोपदेशकाने. अलेक्झांडर फॉर्साइथ त्याचे नाव. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता आणि त्याची तक्रार अगदी साधी होती. रंजक पेटल्याची झळक पक्ष्यांना दिसे, आणि गोळी पोचण्यापूर्वी ते बुडी मारीत किंवा उडून जात. आघाताने स्फोट पावणारे रासायनिक द्रव्य वापरून त्याने ही झळक नाहीशी केली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढे त्यातून तांब्याची चिमुकली टोपी आली. या टोपीला पावसाची पर्वा नव्हती.

आता पाहा. कल्पना १८०७ मध्ये सिद्ध झाली होती. नेपोलियनशी चाललेले युद्ध ऐन भरात होते. तरीही ब्रिटिश सरकारने वूलिच येथे या दोन बंदुकांची रीतसर तुलना केली ती १८३४ मध्ये. सहा हजार बार प्रत्येकीने काढले. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फसली, टोपीची ३६ वेळा. इतका स्वच्छ निकाल लागल्यावरही टोपीची बंदूक पायदळाच्या हाती सर्रास पोचायला आणखी काही वर्षे जावी लागली. टोपी शोधणे एका माणसाचे काम होते, पण लाखो बंदुका बदलणे, कोट्यवधी टोप्या एकाच मापाच्या घडविणे, त्या ओलाव्यापासून जपून हजारो मैलांवर पोचविणे आणि शिपायाच्या बोटांना नवी सवय लावणे हे एका माणसाचे काम नव्हते. शिवाय शस्त्रागारात जुन्या बंदुकांचे ढीग पडलेले होते, आणि खजिनदाराला नवा शोध म्हणजे जुन्या मालाचे नुकसान एवढेच दिसत असते.

या दिरंगाईची किंमत कोणी मोजली, हे पाहिले की विषय आपल्या दाराशी येतो. ३० मे १८४१ रोजी, अफूच्या पहिल्या युद्धात, चीनमधील कँटन शहराच्या उत्तरेस मोठे वादळ झाले आणि धो धो पाऊस कोसळला. मद्रासच्या ३७ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक तुकडी मुख्य सैन्यापासून त्या पावसात तुटली. तिच्याजवळ चकमकीच्या बंदुका होत्या. एकही बंदूक पेटेना. भोवती भाले आणि बांबूचे सोटे घेतलेले हजारो गावकरी जमले, आणि आपले तमिळ-तेलुगू शिपाई चौकोन करून नुसत्या संगिनींवर कित्येक तास उभे राहिले. अखेर त्यांच्या शोधासाठी गोऱ्या नौसैनिकांच्या दोन कंपन्या पाठविण्यात आल्या. त्यांच्या बंदुका टोपीच्या होत्या. त्या पावसात पेटल्या आणि जमाव पांगला. एकाच सैन्यात, एकाच दिवशी, एकाच पावसात दोन युगे उभी होती. शोधाला चौतीस वर्षे झाली होती, पण तो मद्रासच्या शिपायापर्यंत चालत आलेला नव्हता.

हँक मॉर्गनच्या वाटेत असली अडचण एकही येत नाही असे मात्र म्हणता यायचे नाही. ट्वेनला वाटते त्याहून पुष्कळ अधिक समजत होते. प्रधानपदी बसताच पहिल्याच दिवशी हँक काय करतो? बंदूक करीत नाही. तो पेटंटचे कार्यालय उघडतो. मग शाळा काढतो, शिक्षक तयार करतो, होतकरू मुले निवडून त्यांना गुपचूप कारखान्यात घालतो. माणसे घडविण्याचा कारखाना, असेच तो त्या शाळेला म्हणतो. हे वाचताना ट्वेनच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. हँकने आरंभी एक बुरूज उडवून देण्यासाठी सुरुंगाची दारू केली ती मात्र घाईत उरकली आहे. सोरा कोठून आणला? युरोपात तबेल्यांच्या भिंती आणि गुरांच्या गोठ्यांची माती खरवडून तो गोळा करावा लागे, आणि अठराव्या शतकातील ब्रिटनच्या तोफा तर बऱ्याच अंशी आपल्या बिहारमधील सोऱ्यावर चालत होत्या. सहाव्या शतकातील प्रधानाला पाटण्याची वखार कोठून मिळणार? असो.

अवघड प्रश्न आहे तो गॅटलिंगचा. अनेक नळ्यांची, हाताने चाक फिरवून चालणारी ही तोफ प्रत्यक्षात कशी वाढली ते पाहिले म्हणजे ट्वेनने काय गाळले ते कळते. १८६२ मध्ये पेटंट मिळाले, आणि त्याच वर्षी सिनसिनाटी येथील ज्या कारखान्यात पहिल्या तोफा तयार होत होत्या तो आगीत जळाला. पहिल्या नमुन्यांत कागदी काडतूस पोलादी कोठीत घालावे लागे. ते अडकायचे, वायू निसटायचा, सेनाधिकारी नाके मुरडायचे. तांब्या-पितळेचे, स्वतःच्या बुडातच टोपी असलेले धातूचे काडतूस चांगले निघू लागले तेव्हा कोठे तोफ विश्वासाची झाली. अमेरिकन सैन्याने १८६६ मध्ये ती स्वीकारली, तोवर ज्या यादवी युद्धासाठी ती जन्मली ते युद्ध संपलेले होते. त्यानंतर ती कोल्ट कंपनीच्या कारखान्यात होऊ लागली. तो कारखाना हार्टफर्डचा. आणि ट्वेनचे घरही हार्टफर्डलाच होते. म्हणजे हँक मॉर्गन कोठल्या फाटकातून बाहेर पडला हे आपण बोट ठेवून सांगू शकतो.

थोडक्यात, यंत्रतोफ ही काडतुसाची लेक आहे. पितळी काडतूस एक केसभर जाड झाले तरी नळीत अडकते, केसभर बारीक झाले तर फुटते. अशी लाखो काडतुसे काढायला पितळेचे एकसारखे पत्रे हवेत, ते ओढून नळकांडे करणारे दाब हवेत, ते दाब घडविणारी यंत्रे हवीत, आणि ती यंत्रे मोजण्याची मापे हवीत. त्यांतले शेवटचे साधन सर्वांत उशिरा आले. जो लोहार एक बंदूक उत्तम घडवितो त्याने घडविलेल्या दुसऱ्या बंदुकीचा खिळा पहिलीला बसत नाही, ही जगभरची रीत होती. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात एका अमेरिकन कारखान्याने सुटे भाग अदलाबदल करता येतील अशा रायफली मांडल्या, तेव्हा इंग्रज चकित झाले. त्यांनी अमेरिकेला शिष्टमंडळ पाठविले, यंत्रे विकत आणली आणि एन्फील्डचा सरकारी कारखाना त्या यंत्रांवर नव्याने उभा केला. जगातील सर्वांत मोठ्या औद्योगिक राष्ट्राला, पैसा आणि आगबोटी हाताशी असताना, नुसती तयार यंत्रे आणून बसवायला पाच-सहा वर्षे लागली.

ट्वेनला हे कळायला हवे होते, असे म्हणावे तर गंमत अशी की, त्याला ते त्याच वेळी फार कडू रीतीने कळत होते. जेम्स पेज नावाच्या एका कारागिराने खिळे जुळविणारे यंत्र शोधले होते. जुळाऱ्याची बोटे जे करतात ते सारे हे यंत्र करणार होते, आणि चालले की खरोखरच करी. ट्वेनने १८८० पासून त्यात पैसा ओतला. यंत्रात सुमारे अठरा हजार भाग होते. ते आज पुरे होईल, उद्या पुरे होईल असे करता करता वर्षे गेली; एक भाग सुधारला की दुसरा बिघडे. दरम्यान १८८६ मध्ये मर्गेनथालरचे लायनोटाइप यंत्र एका न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात चालूही झाले. कादंबरी लिहिणारा हात हँकच्या यंत्रतोफा दहा वर्षांत उभ्या करीत होता, आणि तोच हात दरमहा पेजच्या यंत्राचे धनादेश लिहीत होता. १८९४ मध्ये ट्वेनची प्रकाशनसंस्था बुडाली, पेजच्या यंत्राचीही आशा संपली. कर्ज फेडण्यासाठी म्हाताऱ्याने जगभर व्याख्यानांचा दौरा काढला, आणि त्या दौऱ्यात जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईला उतरला. मुंबईच्या श्रोत्यांनी त्याचे विनोद ऐकले. ते ऐकायला मिळाले याला कारण एक न जुळलेले यंत्र होते.

मग हँक मॉर्गन इतिहासात कधी झालाच नाही काय? झाला, निदान अर्धामुर्धा झाला. आणि तो आपल्या महादजी शिंद्यांच्या पदरी होता. सॅव्हॉयचा बेन्वा द बॉयन्य, ज्याला आपल्या बखरकारांनी डिबॉइन करून टाकले, १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत आला. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा ओतण्याचा व बंदुका घडविण्याचा कारखाना घातला. युरोपियन नमुन्यावरून तेथे ज्या बंदुका होत त्या कंपनीच्या बंदुकांच्या तोडीच्या होत्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याला या पलटणींनी राजपुतांच्या घोडदळाची जी दशा केली तिचे आणि ट्वेनच्या चिलखती सरदारांच्या दशेचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. सहा वर्षांत हे झाले. तेव्हा नमुना समोर असेल, घडविणारा कारागीर देशात असेल आणि पैसा देणारा धनी महादजींसारखा असेल, तर बंदूक पुष्कळच झपाट्याने चालू शकते, हे मान्य केले पाहिजे. हिंदी लोहारांचा हात त्यात कोठेही कमी पडला नाही.

पुढे काय झाले? २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला आर्थर वेलस्लीची गाठ याच जातीच्या पलटणींशी आणि तोफांशी पडली. तो जिंकला, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसे कामी आली किंवा जखमी झाली, आणि ही लढाई तो आयुष्यभर विसरला नाही. तिकडे उत्तरेत मात्र रणापूर्वीच निम्मे काम होऊन गेले होते. शिंद्यांच्या चाकरीतील जे युरोपियन अधिकारी सोडून येतील त्यांना पेन्शन मिळेल, असा जाहीरनामा गव्हर्नर-जनरलने काढला होता. अधिकारी गेले. द बॉयन्यच्या जागी आलेला पेराँ हाही इंग्रजांच्या स्वाधीन झाला. १ नोव्हेंबरला लासवारीच्या मैदानात त्या पलटणी आपल्या अधिकाऱ्यांवाचून लढल्या, आणि गोलंदाज तोफांपाशीच मेले. जनरल लेकने त्यांच्या शौर्याची जी तारीफ केली ती खरी होती, आणि आपल्या काही कामाची नव्हती.

बंदूक दहा वर्षांत आली होती. तिच्या मागची माणसे उसनी होती.

आणि येथेच ट्वेनची कादंबरी एकाएकी खरी होते. हँकची सत्ता कोसळते ती शस्त्रे कमी पडली म्हणून नाही. धर्मपीठ बहिष्कार पुकारते, विजेचे दिवे विझतात, आणि हँकने शिकविलेली, कारखान्यांत राबविलेली, शहाणी केलेली माणसे एका रात्रीत जुन्या धन्याकडे परत जातात. उरतात फक्त बावन्न पोरे, कारण त्यांच्यावर जुना संस्कार झालेलाच नव्हता. लढाईच्या तोंडावर हँक आणखी एक गोष्ट करतो. ती वाचणाऱ्याच्या लक्षातून सहसा निसटते. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून तो एक कळ दाबून आपलेच सारे कारखाने सुरुंगाने उडवून देतो. त्या क्षणापासून त्याच्या तेरा तोफांना वंश उरत नाही. आहेत तेवढी काडतुसे, आणि मग काही नाही. लढाई तो जिंकतो, पण भोवती पडलेल्या हजारो प्रेतांच्या दुर्गंधीने ती विजयी गुहाच रोगराईचे घर बनते. एवढी भयंकर गोष्ट विनोदकाराला सुचली कशी, असे वाटून जाते. पेजच्या यंत्राने ती सुचविली असेल काय, असा माझा तर्क आहे. त्याला पुरावा नाही.

कल्पनेतील युद्धे लिहिणाऱ्यांत दुसरी एक जात आहे. ही मंडळी शेकडो वर्षे कापीत नाहीत. उद्याच्या युद्धाविषयी लिहितात. जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्सचा अधिकारी १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात जबर जखमी झाला होता. त्याने १८७१ मध्ये ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा लिहून इंग्लंडवर एक जर्मन भाषा बोलणारे सैन्य उतरविले, आणि इतकी खळबळ उडविली की पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना जाहीर भाषणात तिचा समाचार घ्यावा लागला. चेस्नीच्या कथेत इंग्रज आरमार बुडते ते एका गूढ यंत्राने. ते काय होते हे तो सांगतच नाही. पण स्वयंसैनिक उपाशी कसे राहिले, गाड्या कशा अडकल्या, हुकूम कसे उलटसुलट आले हे तो पानेच्या पाने सांगतो. दिल्लीचा वेढा पाहिलेल्या माणसाला युद्ध कशाने हरतात हे ठाऊक होते.

एच. जी. वेल्सची रीत याच्या अगदी उलट. डिसेंबर १९०३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्याची ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ही गोष्ट आली. दोन सैन्ये खंदकांत अडकून पडली आहेत, आणि एके पहाटे सुमारे शंभर फूट लांबीच्या पोलादी गाड्या खंदक ओलांडून येतात. आतला नेमबाज अंधाऱ्या पेटीत बसला आहे. त्याच्यासमोर बाहेरील रणांगणाचे उजळ चित्र पडते, त्यावर दोन रेघांची फुली आहे, फुली शत्रूवर आली की तो विजेच्या घंटीचे असते तसले बटण दाबतो. रायफल आपोआप भरते, आपोआप रिकामे काडतूस टाकते. हे सारे वेल्सने हवेतून आणले नव्हते. गाडीची पावले म्हणून त्याने वापरलेले ‘पेडरेल’ चाक डिप्लॉक नावाच्या इंग्रज अभियंत्याने प्रत्यक्षात शोधलेले होते, आणि गोष्टीत वेल्स त्याचे नावही घेतो. खरा रणगाडा १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये फ्लेर्स गावापाशी रणांगणावर आला. गोष्टीपासून तेरा वर्षे. वेल्सच्या चौदा-पंधरा गाड्या एका सकाळी युद्ध संपवितात. फ्लेर्सला आणलेल्या पन्नासेक रणगाड्यांपैकी कित्येक आरंभरेषेपर्यंतही पोचले नाहीत. कोणाचे यंत्र बंद पडले, कोणी चिखलात रुतले. युद्ध त्यानंतर दोन वर्षे चालले. यंत्राचे रूप वेल्सने अचूक ओळखले. वाटेतल्या चिखलाकडे मात्र त्याने पाहिले नाही.

चेस्नीच्या दिल्लीची एक गोष्ट राहिली. १८५७ चे वादळ ज्या काडतुसाच्या निमित्ताने उठले ते त्याच एन्फील्ड रायफलीचे होते. तो रोष धर्माचा होता, आणि त्याच्यामागे इतर शंभर कारणे होती, हे आपण जाणतोच. पण वादळ शमल्यावर राज्यकर्त्यांनी बंदुकीच्या चालीविषयी जो निर्णय घेतला तो आपल्या विषयाला फार जवळचा आहे. हिंदी पायदळासाठी बाहेरून एन्फील्डसारखीच दिसणारी, पण नळीतल्या पिळदार खाचा नसलेली बंदूक ठरविण्यात आली. खाचा नाहीत म्हणजे गोळीला फिरकी नाही. फिरकी नाही म्हणजे लांबचा नेम नाही. त्यानंतर रीतच पडून गेली. गोऱ्या शिपायाला नवे हत्यार मिळाले की त्याचे जुने हत्यार हिंदी शिपायाकडे यायचे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या रणात ६६ व्या गोऱ्या पलटणीच्या हातात मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, आणि शेजारीच उभ्या असलेल्या बाँबे ग्रेनेडियर्स व जेकब्ज रायफल्स या हिंदी पलटणींच्या हातात त्यांच्या आधीच्या पिढीच्या स्नायडर. मरण तिघांनाही सारखेच आले. हार्टफर्डच्या हँकला शस्त्राची गती वाढविता येत होती. ती मुद्दाम एक पिढी मागे ठेवता येते, हे ट्वेनला सुचले नाही. ते सुचायला साम्राज्य चालवावे लागते.

कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी ईशापूर नावाचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे कंपनीचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. तो विसाव्या शतकाच्या आरंभी बंद झाला आणि त्याच जागेवर रायफलींचा कारखाना उभा राहिला. १९०७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली ली-एन्फील्ड रायफल तेथे होऊ लागली. उत्तम रायफल होती ती. दोन महायुद्धांत आपल्या जवानांनी ती खांद्यावर वाहिली. स्वातंत्र्यानंतर हा कारखाना आपला झाला, कारागीर आपले झाले, हुकूम देणारेही आपलेच झाले. १९६२ च्या ऑक्टोबरात चिनी सैन्य खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातांत अर्धस्वयंचलित रायफली आणि सबमशीनगन होत्या. तवांगच्या बाजूला, पुरेशा गरम कपड्यांवाचून, आपला जवान प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुढची गोळी भरीत होता. स्वतः भरणारी ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल ईशापूरला होऊ लागली ती या युद्धानंतर.